विहिरी गुलाबी करणारे हँकिन साहेब: नदीच्या पाण्याचा अर्धाच ऐकलेला धडा

उज्जैनच्या राम घाटावर पहाटेपासून वर्दळ असते. महाराष्ट्रातून, विदर्भातून, निमाड-माळव्यातून आलेली मराठी माणसं क्षिप्रेत डुबकी मारतात, महाकालाचं दर्शन घेतात आणि परतताना बाटलीत थोडं पाणी भरून नेतात. पाण्याच्या रंगाकडे बघून कुणी कुरकुर केलीच, तर शेजारचं कुणीतरी समजूत घालतं की वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, हे विज्ञानानंही सिद्ध केलंय.

हे सिद्ध करणारा शास्त्रज्ञ कोण, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. या समजुतीच्या मुळाशी गेलं तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आग्र्याच्या एका प्रयोगशाळेपाशी आपण पोहोचतो. तिथं काम करत होते अर्नेस्ट हॅनबरी हँकिन. त्यांनी नदीचं पाणी तपासलं आणि विहिरीचंही तपासलं. जगानं नदीचा निकाल उचलून धरला. विहिरीचा निकाल, ज्यासाठी हँकिन यांनी खरी धावपळ केली, तो विसरला गेला.

हाफकिन वेगळे, हँकिन वेगळे

मराठी वाचकाचा इथं हमखास गोंधळ होतो. मुंबईत परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे ते वाल्डेमार हाफकिन. कॉलरा आणि प्लेगच्या लशी त्यांनी बनवल्या. हँकिन हे त्यांचे समकालीन. दोघांचा संबंधही होता. हाफकिन यांच्या कॉलऱ्याच्या लशीवर १८९२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सविस्तर लेख लिहिला तो हँकिन यांनीच. पुढच्याच वर्षी हाफकिन भारतात आले. हँकिन त्याआधीच इथं येऊन पोहोचले होते.

हँकिन यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८६५ चा, इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यातला. वडील पाद्री. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत आणि मग केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांचं शिक्षण झालं. तिथंच त्यांना फेलोशिप मिळाली. तो काळ जंतुशास्त्राच्या ऐन भराचा होता. बर्लिनला रॉबर्ट कॉख आणि पॅरिसला लुई पाश्चर ही त्या शास्त्राची दोन मोठी पीठं होती. तरुण हँकिन दोन्हीकडे काही काळ काम करून आले. रक्तातले कुठले घटक जंतूंना मारतात, यावर त्यांनी केंब्रिजमध्ये संशोधन केलं होतं. जंतू कशानं मरतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होता.

१८९२ मध्ये त्यांना भारतात नोकरी मिळाली. हुद्दा होता सरकारी रासायनिक परीक्षक आणि जंतुशास्त्रज्ञ. मुक्काम आग्रा. कामाचा इलाखा प्रचंड होता. आजचा बहुतेक उत्तर प्रदेश त्यात होता आणि मध्य प्रांतही होता. मध्य प्रांत म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि त्यांना लागून असलेले बालाघाट, छिंदवाडा, बैतूल. आज ज्या जिल्ह्यांच्या मधून राज्याची सीमा जाते, ते सारे तेव्हा एकाच प्रांतात होते आणि त्यांच्या पाण्याचा, विषाचा, साथींचा प्रश्न आग्र्याच्या त्या एका टेबलावर जात होता. रासायनिक परीक्षकाचं मुख्य काम विषप्रयोगाच्या खटल्यांतला व्हिसेरा तपासणं. ते सांभाळून हँकिन यांनी कॉलऱ्याचा पाठलाग सुरू केला.

पटकी आणि पाणी

आपल्याकडे कॉलऱ्याला पटकी म्हणत, महामारी म्हणत. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जुलाब-उलट्यांनी सुकून जाई. जत्रा, पालखी, कुंभ अशा गर्दीतून साथ निघे आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव पोहोचे. हरिद्वारच्या १८६७ च्या कुंभानंतरची साथ तर उत्तर भारतभर पसरली होती. १८९२ मध्ये, म्हणजे हँकिन आले त्याच वर्षी, सरकारनं हरिद्वारची मोठी जत्रा साथीच्या भीतीनं मध्येच मोडली. त्यावरून मोठा असंतोष झाला.

रोग पाण्यातून येतो हा संशय जुना होता. लंडनला जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये एका पंपापाशी जमलेले मृत्यू नकाशावर मांडून तो पक्का केला होता. जंतू मात्र हाती लागला नव्हता. १८८३ च्या अखेरीस रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आले आणि १८८४ मध्ये एका वस्तीतल्या तळ्याच्या पाण्यात त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा कॉलऱ्याचा जंतू सापडला. त्याच तळ्याचं पाणी वापरणारी माणसं कॉलऱ्यानं मरत होती. पाणी तपासून रोग ओळखता येतो, ही गोष्ट भारतात पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली.

तरीही सरकारी वैद्यकीय खात्यातले अनेक बडे अधिकारी ते मानायला तयार नव्हते. कॉलरा हवेतून, जमिनीतून, ऋतुमानातून येतो असं मानणारा गट जबरदस्त होता. पाण्यातला जंतू मान्य केला तर जत्रांवर आणि व्यापारावर बंधनं घालावी लागणार, पाणीपुरवठ्यावर पैसा खर्च करावा लागणार, ही अडचणही त्यामागे होतीच. अशा वातावरणात आग्र्याला तिशीसुद्धा न गाठलेला एक जंतुशास्त्रज्ञ विहिरी आणि नद्या तपासायला निघाला.

पाण्याची परीक्षा कशी होत असे

पाण्यातला कॉलऱ्याचा जंतू शोधणं सोपं नव्हतं. एका थेंबात हजारो निरुपद्रवी जंतू असतात, त्यात हा एक वाकडा कसा ओळखायचा? त्यासाठी त्या काळी एक युक्ती होती. पाण्याच्या नमुन्यात पेप्टोन नावाचं प्रथिनाचं द्रव्य आणि थोडा क्षार घालून उबेत ठेवायचं. कॉलऱ्याच्या जंतूला ते अन्न मानवतं आणि त्याला हवा हवी असते, म्हणून तो भराभर वाढत द्रवाच्या पृष्ठभागावर येतो. तिथला पातळ थर उचलून जिलेटिनच्या थाळीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. हे सगळं आग्र्याच्या उन्हाळ्यात करायचं, जिथं जिलेटिन आपोआप वितळून जातं!

या पद्धतीनं हँकिन यांनी विहिरी तपासल्या. साथीच्या गावात अनेकदा एखादी विहीर दोषी निघे. विहीर उघडी, कठडा नाही. काठावरच धुणी-भांडी आणि आजाऱ्याचे कपडे धुणं चाले. सांडलेलं पाणी पुन्हा आत मुरे. दोर आणि बादली प्रत्येक घरची वेगळी, त्यामुळे एका घरातला जंतू सगळ्यांच्या घागरीत जाई. जमिनीखालचं पाणी मुळात स्वच्छ असलं, तरी विहिरीच्या तोंडापाशी त्याची ही दशा होत होती.

१८९६ चा प्रयोग

मग प्रश्न उभा राहिला नदीचा. गंगेत प्रेतं सोडतात, गटारं मिळतात, लाखो लोक नाहतात आणि तेच पाणी पितात. साथ नदीच्या प्रवाहाबरोबर खालच्या गावांकडे सरकायला हवी. ती तशी हटकून सरकताना दिसत नव्हती. असं का होतं?

हँकिन यांनी गंगा आणि यमुनेचं पाणी आणलं. बारीक गाळणीतून गाळून त्यातले मूळचे जंतू काढून टाकले आणि मग त्यात कॉलऱ्याचे जंतू मोजून सोडले. तीन तासांच्या आत ते मेले. तेच पाणी उघड्या भांड्यात उकळून, गार करून पुन्हा प्रयोग केला. आता जंतू मेले नाहीत, उलट टिकले आणि वाढले. विहिरीच्या पाण्यातही जंतू खुशाल वाढत होते.

म्हणजे नदीच्या न उकळलेल्या पाण्यात असं काहीतरी होतं की जे कॉलऱ्याच्या जंतूला मारत होतं आणि उकळल्यावर नाहीसं होत होतं. हँकिन यांचा अंदाज होता की ते हवेत उडून जाणारं एखादं द्रव्य असावं. हा निबंध १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात फ्रेंच भाषेत छापून आला.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईला उतरले होते. पुढे बनारस पाहून ते आग्र्याला गेले आणि या प्रयोगाची हकीगत त्यांच्या कानावर आली. गंगेच्या पाण्याची बनारसला थट्टा करणारे ट्वेन चाट पडले. १८९७ साली निघालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी हँकिन यांचं नाव घेऊन ही सगळी गोष्ट रंगवून सांगितली. हजारो वर्षांपूर्वी हिंदूंना हे कसं कळलं असेल, असं आश्चर्यही व्यक्त केलं. ट्वेन यांचं पुस्तक जगभर गेलं आणि हँकिन यांचा निष्कर्षही. फरक एवढाच की प्रयोगाच्या अटी प्रयोगशाळेतच राहिल्या.

मारणारं ते नेमकं काय?

१९१५ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ मध्ये पॅरिसमध्ये फेलिक्स डेरेल यांनी जंतूंना खाणारे विषाणू शोधले. त्यांना बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज म्हणतात. डेरेल तर पुढे भारतातही आले आणि इथल्या कॉलऱ्याच्या रोग्यांवर फेजचे प्रयोग झाले. तेव्हापासून हँकिन यांनी पाहिलेला चमत्कार फेजचाच होता, असं पुस्तकांतून लिहिलं जाऊ लागलं.

अलीकडे, २०११ मध्ये, काही अभ्यासकांनी मूळ फ्रेंच निबंध बारकाईनं पुन्हा वाचला. त्यांचं म्हणणं वेगळं पडलं. बंद भांड्यात तापवल्यावर पाण्याचा गुण शिल्लक राहतो आणि उघड्यावर उकळल्यावर उडून जातो, हे वागणं फेजला जुळत नाही. त्यामुळे हँकिन यांनी फेज पाहिले असं खात्रीनं म्हणता येत नाही, असा त्यांचा निर्वाळा. नद्यांमध्ये फेज असतात हे खरंच आहे, गंगेतही आहेत. पण १८९६ च्या प्रयोगाचं श्रेय त्यांना देणं घाईचं आहे.

शिवाय प्रयोग झाला तो एका जंतूवर, कॉलऱ्यावर. कावीळ, विषमज्वर, आमांश, पोलिओ यांच्या जंतू-विषाणूंबद्दल त्यात काही नव्हतं. पाणी गाळून घेतलेलं होतं. नद्याही दोनच. हे सगळं बाजूला सारून कुठल्याही नदीचं पाणी आपोआप शुद्ध होतं, असा अर्थ काढणं म्हणजे एका पावतीवर दहा घरांचं बिल भरल्यासारखं झालं.

लाल औषध

स्वतः हँकिन यांनी काय केलं? नदी जंतू मारते म्हणून ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. खेड्यातली बहुतेक माणसं नदीचं पाणी पीत नव्हती, विहिरीचं पीत होती. आणि विहिरीत जंतू मरत नव्हते. म्हणून विहिरीतच काहीतरी टाकायला हवं होतं. ते स्वस्त हवं, बैलगाडीतून नेता येईल असं हवं, आणि न शिकलेल्या माणसालाही त्याचं प्रमाण डोळ्यांनी कळायला हवं.

त्यांनी निवडलं पोटॅशियम परमँगनेट. जांभळट-काळे खडे बादलीभर पाण्यात विरघळवायचे, ते पाणी विहिरीत ओतायचं आणि बादली वरखाली करून ढवळायचं. विहीर गुलाबी होते. रंग चटकन उडाला तर समजायचं की आत घाण जास्त आहे, आणखी औषध हवं. रंग काही तास टिकला की पुरे झालं. दुसऱ्या दिवशी रंग ओसरतो आणि पाणी वापरात येतं. मोजमापाचं यंत्र लागत नाही, रंगच हिशेब सांगतो. १८९५ मध्ये छावण्यांमधल्या कॉलऱ्यावर त्यांनी पुस्तिका लिहिली. हळूहळू साथ आली की विहिरींत परमँगनेट टाकणं हा भारतभरच्या आरोग्य खात्याचा नेम झाला.

लोक सहजासहजी ऐकत नव्हते. सरकारी माणूस विहिरीत काहीतरी ओततोय म्हटल्यावर विष घातल्याच्या अफवा उठत. पाण्याचा रंग आणि चव बदललेली कुणाला आवडणार? तरी पद्धत टिकली. पुढे परमँगनेटच्या मर्यादाही दिसल्या. जंतू मारायला ते क्लोरीनइतकं भरवशाचं नाही, म्हणून त्याची जागा ब्लीचिंग पावडरनं घेतली. पण साथ आल्यावर पळापळ करण्यापेक्षा पाण्याचा उगमच सुरक्षित करायचा, ही सवय गावांना लावण्यात हँकिन यांच्या गुलाबी विहिरींचा वाटा मोठा आहे. विहिरीतलं लाल औषध आठवणारी म्हातारी माणसं आपल्याकडच्या खेड्यांत अजूनही भेटतील.

आग्र्याची तीस वर्षं

प्लेगच्या साथीत हँकिन यांनी मुंबईचाही अभ्यास केला. प्लेग कसा पसरतो यावर १८९८ मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात आणि १९०५ मध्ये इंग्लंडच्या जर्नल ऑफ हायजीनमध्ये त्यांनी दीर्घ निबंध लिहिले.

नोकरीबाहेरही हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. फतेहपूर सिक्रीच्या एका जुन्या हमामात त्यांना गिलाव्यावर पुसट ओरखडे दिसले. नक्षी काढण्याआधी कारागिरानं आखलेल्या त्या मदतीच्या रेघा होत्या. त्यावरून मुघल इमारतींमधली चांदण्यांची गुंतागुंतीची नक्षी बहुकोनांच्या जाळ्यावर कशी बेतली जाते, हे त्यांनी उलगडलं. भारतीय पुरातत्त्व खात्यानं तो अभ्यास १९२५ मध्ये छापला. आजही इस्लामी नक्षीवर काम करणारे गणिती तो वाचतात.

दुसरा नाद पक्ष्यांचा. पंख न हलवता गिधाड तासन् तास कसं तरंगतं? हँकिन यांनी घड्याळ लावून नोंदी ठेवल्या. सकाळी ऊन चढू लागलं की आधी हलक्या घारी तरंगायला लागतात, जड गिधाडं उशिरा. म्हणजे हवेत तसा जोर यावा लागतो. १९१३ मध्ये त्यांचं पक्ष्यांच्या उड्डाणावरचं पुस्तक आलं. विमानं नुकतीच उडू लागली होती, त्यामुळे विमानविद्येतल्या लोकांनाही त्यात रस होता.

सुमारे तीस वर्षं आग्र्यात काढून ते इंग्लंडला परतले. उतारवयात त्यांनी तज्ज्ञ माणसाच्या बुद्धीच्या मर्यादांवर आणि व्यवहारज्ञानावर पुस्तकं लिहिली. एकाच विषयात मुरलेल्या माणसाला समोरची साधी गोष्ट कशी दिसत नाही, हा त्यांचा आवडता विषय होता. मार्च १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाची संस्था आपल्याकडे नाही.

राम घाट आणि आजची परीक्षा

हँकिन यांचा निबंध गंगा-यमुनेपुरता होता. क्षिप्रा त्यात नाही. क्षिप्रेचं पाणी चंबळेला मिळतं आणि चंबळ यमुनेला मिळते ती आग्र्याच्या बरीच खाली. आणि आजची क्षिप्रा त्या काळची उरलेली नाही. उन्हाळ्यात तिचा स्वतःचा प्रवाह आटतो. २०१४ पासून नर्मदेचं पाणी उचलून तिच्यात सोडलं जातं. इंदूरचं सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी राम घाटाच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी तिला मिळते. ते पाणी बंद नलिकेतून घाटांच्या पुढे नेण्याची योजना २०१६ च्या सिंहस्थासाठी झाली. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी आणखी मोठं काम हाती घेतलं आहे. त्याआधी २०२७ मध्ये नाशिकच्या रामकुंडावर हीच गर्दी असेल, गोदावरीचा हाच प्रश्न घेऊन.

आता नदीत प्रत्येक रोगाचा जंतू वेगवेगळा शोधत बसत नाहीत. माणसाच्या आणि जनावरांच्या विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू मोजतात. ते सापडले म्हणजे रोगजंतूही येऊ शकतात, असा हिशेब. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे असे जंतू ५०० पर्यंत असावेत आणि कुठल्याही परिस्थितीत २,५०० च्या वर जाऊ नयेत. पिण्याच्या पाण्याला तर मुळीच सवलत नाही. भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये. म्हणजे घाटावर डुबकी मारण्यालायक ठरलेलं पाणी तीर्थ म्हणून पिण्यालायक असतंच असं नाही.

विहिरी, झरे आणि हातपंपांसाठी तर हँकिन यांना आवडली असती अशी परीक्षा आपल्याच भागातून निघाली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी चाचणी जगापुढे मांडली. औषध लावलेला कागद असलेल्या लहान बाटलीत पाणी भरायचं आणि घरच्याच उबेत ठेवायचं. दीड-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळल्याची शंका पक्की. इथंही सूक्ष्मदर्शक लागत नाही, रंगच सांगतो. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या हातातल्या किटमध्ये याच जातीची बाटली असते.

ही बाटली कपाटात पडून राहिली तर काय होतं, ते पुणेकरांनी जानेवारी २०२५ मध्ये अनुभवलं. सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि तपास ज्या पाण्यापाशी गेला त्यात नांदेड गावची विहीरही होती. विहीर पुन्हा एकदा चौकशीच्या केंद्रस्थानी आली, सव्वाशे वर्षांनंतर.

राम घाटावरून बाटली भरून आणणाऱ्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहो. पण घरी आल्यावर देव्हाऱ्यातल्या त्या बाटलीपेक्षा दारातल्या विहिरीचा आणि गल्लीतल्या हातपंपाचा नमुना ग्रामपंचायतीनं शेवटचा कधी तपासला, हे विचारणं जास्त गरजेचं आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा जंतूंची तपासणी झाली पाहिजे. तिचा निकाल पंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. तो लागलेला नसेल, तर ग्रामसभेत मागायचा हक्क प्रत्येकाला आहे.